मोड

टेबलावरच्या पैशांना हात लावायचा नाही,
हे ऑफेलियाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं,
चादरीचे कोपरे दुमडायला शिकवण्याच्याही आधी.
उशीवर असतील तर आपले.
दिव्याखाली, सोबत चिठोरा असेल, तरीही आपले.
पण टेबलावर, अर्धवट प्यायलेल्या ग्लासाला टेकून असतील
तर ते विसरलेले.
त्यांच्या कडेकडेनं फडकं फिरव, फिदेलिया,
नाण्याखालची धूळ तशीच राहू दे.

दिवसाला चौदा खोल्या.
पहाटे पाचला लिओना विकारिओच्या चौकातून गाडी,
शेजारणीच्या खांद्यावर एक डुलकी,
मग समुद्र. आणि या महिन्यात
समुद्राच्याही आधी त्याचा वास,
किनाऱ्यावर कुजत पडलेलं तपकिरी शेवाळ.

लोक वाईट नसतात. त्यांना ठाऊक नसतं.
खाली विल्बर्थ ताटं मांडतो,
त्याला चेहरा आहे, पांढरा सदरा आहे,
मिरची सोसेल का असं विचारणारा गोड आवाज आहे.
त्याच्या हातावर लगेच टेकवतात.
माझा चेहरा म्हणजे टॉवेलची घडी.
मी शिरते तेव्हा ते पोहायला गेलेले,
ते परततात तेव्हा मी वरच्या मजल्यावर.
सहा दिवस आम्ही एकाच खोलीत वावरतो
आणि मला फक्त त्यांचे केस ओळखता येतात.

घरी माझ्याकडे कॉफीची एक बरणी आहे,
परक्या नाण्यांनी गळ्यापर्यंत भरलेली.
कानकूनची बँक नोटा घेते, नाणी घेत नाही.
देणाऱ्याला हे कोण सांगणार?
त्यानं खिसा हलका केला, मन भरून दिलं,
माझ्या बरणीत आणखी एका राणीचं डोकं वाढलं.
धाकटा त्यांच्यावर आगगाड्यांची चाकं करून खेळतो.

दोनशे चौदामध्ये म्हातारं जोडपं होतं.
दुसऱ्या सकाळी न्हाणीत चादर वाळत घातलेली,
हातानं धुतलेली, हॉटेलच्या साबणानं,
पिळताना मनगटात जोर नसावा, खाली थारोळं.
मी काही विचारलं नाही. विचारायला कोण होतं समोर?
तळमजल्यावरच्या कपाटातून रबरी अंथरूण आणलं,
मुलांसाठी ठेवतात ते,
वर एक चादर, आणि कपाटात घडी करून दुसरी,
दार उघडताच दिसेल अशी.
त्या दिवसापासून न्हाणी कोरडी.
ओली चादर रोज माझ्या गाडीत, इतर चादरींच्या पोटात.

उशीवर मात्र रोज काही नाही.
खोटं कशाला बोलू, चौथ्या दिवशी मी उशी उचलून पाहिली.
पाचव्या दिवशी खालचीही.

ते रविवारी गेले. रविवारी माझी सुट्टी.
शेवटच्या दिवशी देणाऱ्यांचं असंच होतं,
पाच दिवस एकीचे, सहावा दुसरीचा,
आणि पाकीट सहाव्या दिवसाचं.

मंगळवारी रुबी मला कपड्यांच्या खोलीत गाठून म्हणाली,
दुसरी चादर म्हणजे काय गं?
फोनवरून बघून उतरवलेलं स्पॅनिश, थरथरतं अक्षर:
दुसऱ्या चादरीबद्दल. एवढंच.
दोन दिवस ती मजल्यामजल्यावर विचारत फिरली होती.
पाचशेची नोट होती, मी मोड करून आणली, म्हणाली,
आणि माझ्या हातावर तीनशे मोजले.

मी तिच्याकडे पाहत राहिले.
दोनशे माझे, रुबी म्हणाली.
शेवटची मी काढली ना.
तीही ओली होती.

मी पैसे मोज्यात खुपसले. हिशोब बरोबर होता.
पाकिटात तळाशी आणखी काही वाजत होतं,
एक भोकाचा पैसा, कुठल्या देशाचा देव जाणे.
हा घे तू, म्हणाली, याचे दोन भाग कसे करायचे?

बरणीत नाही टाकला.
खोल्यांच्या किल्ल्यांच्या कडीत ओवलाय.
दार उघडताना किणकिणतो,
आत कुणी असेल तर त्यांना कळतं
कोणीतरी येतंय.