नंतर आठवण करा

कोपऱ्यात निळी चौकट पुन्हा आली.
आत्ता, आज रात्री, की नंतर आठवण करू?
तिसरं बटण दाबून मी
धर्माधिकाऱ्यांच्या मुंजीचं प्रूफ पुढे ओढलं.

चरईत, पिठाच्या गिरणीला लागून दुकान.
दोन खुर्च्या, एक संगणक,
स्क्रीनवर रोज गव्हाचा पातळ थर.
नाझिम राबोडीहून येतो, ब्रशने पंखा झाडतो.
"काका, ही विंडोज आता कोण वापरतं?
कंपनीनं हात वर केलेत. उद्या काही शिरलं आत,
तर माझ्याकडे बघू नका."

त्याच्या लॅपटॉपवर माझी एक पत्रिका उघडून पाहिली.
चि. सौ. कां.च्या जागी
टोप्या घातलेले परदेशी ए,
उलटी प्रश्नचिन्हं, मधेच एक पौंड.
आणि जिथे अक्षरं आली, तिथे
ल दांडी धरून उभा.
आमचा ल पाकळ्यांचा, श देठाचा.
लग्न, लक्ष्मी, शुभ, शके:
माझं अर्धं पोट या दोघांवर चाललंय.
"तसा ल नव्यातही मिळतो," नाझिम म्हणाला,
"शोधावा लागतो."
खरं असेल. तो बिलातसुद्धा खोटं लिहीत नाही.

आमच्या बिल्डिंगचंही हेच चाललंय.
पाडायची, बावीस मजले करायचे.
एकोणीस संमतीपत्रं मीच टाइप केली,
याच फॉन्टमध्ये, पानाला तीस रुपये.
विसावं माझं.
फाइल तयार आहे, सहीच्या जागी टिंबं टिंबं.

ऋजुता म्हणते, बाबा, तुम्ही घाबरता.
घाबरतोच.
पण एकदा मीच शिशाचे खिळे
किलोवर विकले होते, पोत्यांत भरून.
गजा कंपॉझिटर दोन दिवस बोलला नाही.
मी हसलो होतो त्याला.
पहिला संगणक आला होता ना दारात,
पेढे वाटत होतो.

परवा कळव्याहून एक बाई आल्या.
पिशवीत प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये मृत्यूचा दाखला.
"लग्नाची नोंद राहिली हो आमची.
पेन्शनवाले पत्रिका मागतात.
तुमच्याकडेच छापलेली. वर हत्ती होता,
सोंडेत हार."
साल?
"दोन हजार तीन. मे."
नाव?
"कुठलं सांगू? सासरी मधुरा केलं.
पत्रिकेत शलाका आहे.
दोन्ही मीच, एवढंच दाखवायचंय त्यांना."

नाझिम तेव्हा नेमका
नवी सीडी घेऊन टेबलाखाली वाकलेला.
म्हटलं, थांब रे जरा.
बाई, बसा. मशीन जुनं आहे,
जुन्या डिस्कवरून चार मिनिटं घेईल.

गिरणी सुरू झाली. टेबल थरथरू लागलं.
कोणी काही बोललं नाही.
बाजूच्या गल्लीत कोणीतरी स्कूटरला
किका मारत होतं, ती काही सुरू होईना.

हत्ती आधी आला, वरून खाली, पट्ट्यापट्ट्यांनी.
सोंड. हार.
आमचे येथे श्रीकृपेकरून.
मग ती ओळ.
देठाचा श, पाकळ्यांचा ल, का.
बाई इतक्या पुढे वाकल्या
की स्क्रीनच्या पिठावर त्यांचं बोट उमटलं.
"का-चा काना जरा मोठा आलाय," त्या म्हणाल्या.
"तेव्हाही बाबा हेच बोलले होते."

तेवढ्यात ती निळी चौकट,
नेमकी त्यांच्या वडिलांच्या नावावर.
"हे काय विचारतंय?"
नाझिम माझ्याकडे पाहत होता.
काही नाही, म्हटलं,
आधी प्रिंट काढू.