शौल्याईहून परतताना

व्हॅनच्या मागे सायकल, पुढचं चाक काढलेलं.
झेल्माच्या शेजारी तिचं हेल्मेट, दोघांनाही पट्टा लावलेला.
बाहेर लिथुआनियाची सपाट शेतं, कापून झालेली,
विजेच्या खांबावर करकोच्याचं घरटं,
रिकामं. ऑगस्ट संपत आलाय, पिल्लं उडून गेली असतील.
हे मी तिला दाखवणार होतो. दाखवलं नाही.
आज कशाचाही काहीही अर्थ निघेल.

सकाळी आठ जणी उभ्या होत्या, गेटला चाक टेकवून,
पेडलांवर तोललेल्या, जमिनीला पाय न लावता.
मग तो यंत्राचा कोरडा आवाज, मग दिवे,
आणि गेट पडतं.
या खेळात सगळ्यात आधी पडतं ते गेटच,
असं ओस्वाल्ड्स सांगतो लहान पोरांना, हसवायला.
झेल्मा हल्ली हसत नाही त्याला. अकरा वर्षांची आहे.

पहिल्या उतारावर ती तिसरी होती. मी मोजलं.
वळणाच्या तोंडाशी तिचं बोट ब्रेककडे गेलं.
एकच बोट.
कुंपणाबाहेरून दिसतं ते,
इतक्या धुळीतही दिसतं.
ओरडून ते सोडवता येत नाही.

मेमध्ये मी बोललो होतो.
याच व्हॅनमध्ये, तार्तूहून निघाल्यापासून
वाल्मिएराचा पूल येईपर्यंत:
कोपर बाहेर काढ, नजर लांब ठेव, भिऊन कसं चालेल,
शेजारच्या लेनमधली तुझ्याहून वर्षाने लहान.
सगळं खरं होतं.
खरं बोलायची मला तेव्हा फार हौस होती.
घरी आल्यावर तिने बूट काढले
आणि ताटाला न शिवता झोपायला गेली.
विझ्माने दार लोटलं. हळूच म्हणाली,
"ती एकदाच पडली, गिर्ट्स.
तू तिला रस्ताभर पाडत आणलंस."

मग जून, आपलाच ट्रॅक, साधा सराव,
आणि हासळीचं हाड.
डॉक्टरने फोटो उजेडावर धरला तेव्हा
झेल्मा म्हणाली, "बाबा, बघ, इथे उडी आहे."
हाताच्या झोळीवर तिने निळ्या पेनाने ज्वाळा काढल्या.
सहा आठवडे मी तिच्या राईच्या पावाला लोणी लावलं,
बुटांच्या नाड्या बांधल्या,
आणि एकदाही विचारलं नाही, पुन्हा बसणार का.
विचारायचं नव्हतं असं नाही.
रात्री गॅरेजमध्ये जाऊन मी उगाच तिच्या साखळीला तेल घालायचो.
साखळी तेलाने चिकट झाली, धूळ धरायला लागली.
शेवटी तीच ओरडली: "पुरे!"
एका हाताने पुसायला बसली.
तसं ते सुरू झालं.

सीमेजवळच्या पंपावर थांबलो.
दोन हॉटडॉग, तिच्यात मोहरी जास्त.
ती म्हणाली, "सातवी आले."
आठवीची साखळी निघाली होती, म्हणून सातवी.
ते मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.
मी घास चावत राहिलो, वाक्यासकट.

"तू मोजतोस ना?" तिने विचारलं.
"काय?"
"मी कितवी आहे ते. गेटवरून दिसतोस तू.
कुंपणावर तुझी बोटं हलत असतात."

एवढ्या वर्षांत मला वाटायचं, मीच तिला बघतो.

म्हटलं, "पुढच्या वेळी हात खिशात ठेवतो."
ती विचारात पडली. अंगठ्यावरची मोहरी चाटली.
"नको. खिशात घातलेस तर वाटेल, काहीतरी लपवतोयस.
बाहेरच ठेव.
नुसतं मोजू नकोस."

रीगा यायच्या आत ती झोपली, तोंड उघडं,
जर्सीवर पिवळा डाग, तो आता निघणार नाही.
गाडी खड्ड्यातून गेली की मागचं सुटं चाक
आपल्याआपणच थोडं फिरतं,
टिक टिक टिक,
मग थांबतं.
मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवलेत.
बोटं हलतायत की नाही, ते बघतोय.