दक्षिणेची खिडकी

इथे सूर्य उत्तरेकडून चालत जातो,
म्हणून दक्षिणेची खिडकी स्वस्त.
कुरितिबात, चौथ्या मजल्यावर,
भाडं सांगताना घरमालकानं मान खाली घातली :
ऊन येत नाही हो, दोना निल्सेया.
म्हटलं, नकोच आहे.
माझ्यासोबत राहायला येतोय त्याला सोसत नाही.

तो आला टॅक्सीच्या मागच्या सीटवर, पट्टा बांधून,
ओल्या चादरीत गुंडाळलेला,
दीड मीटर पानांचा नेचा,
आणि त्याच्या बुडाशी बाबांनी कोरलेली कुंडी.

मातीची नव्हे.
डोंगरातल्या झाडनेच्याचं खोड ते,
काळं, केसाळ, पाणी धरून बसणारं. शाशीम.
बाबा आधी कुऱ्हाडीनं आडवं करायचे,
मग करवत, मग आतून पोखरणं.
एका खोडाच्या सात कुंड्या, कधी आठ.
वरची पानं तिथेच पडून राहायची,
छत्रीचं कापड फाडून
नुसती दांडी न्यावी तशी.
माणसाएवढं व्हायला त्या झाडाला
माणसाचं आयुष्य लागतं,
हे बाबांना ठाऊक होतं.
माझे शाळेचे बूट
त्याहून लवकर फाटायचे, हेही.

पुढे कायदा आला.
बाबांनी कुऱ्हाड टाकली नाही,
गंजू दिली.

एक नेचा मारायचा, दुसऱ्याला बसायला जागा करायची.
हे मी पन्नाशीत, भांडी घासताना
पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं.
नळ चालू होता.

नळाचं पाणी लगेच घालायचं नसतं.
रात्रभर बादलीत उघडं ठेवायचं,
क्लोरीनचा राग उतरू द्यायचा.
बोट पेरभर खुपसून बघायचं,
गार लागलं तर आज नको.
शेगडीजवळ नको, पंख्याखाली नको.
अंघोळ झाली की न्हाणीचं दार उघडं टाकायचं,
वाफेत त्याचा वाटा असतो.
आणि नवं पान मूठ वळून येतं तेव्हा
हात लावायचा नाही.
कुणाची मूठ आपण उघडायची नसते.

एकदा मी बाजारात गेले होते, किल्ली झुल्मिराकडे.
परत येते तर ही बाई
साबणाचं पाणी आणि कापूस घेऊन खुर्चीवर उभी :
अगं केवढी कीड! पानामागं ओळीनं बसलीय!
अर्धं पान पुसून झालं होतं.
म्हटलं, कीड नव्हे, बीजाणू. त्याची पोरं.
ती खुर्चीवरून उतरली, तिच्यावरच बसली,
कॉफी गार होईपर्यंत काही बोलली नाही.
मग म्हणाली, एवढी ओळीत असतात होय,
माझी कधी बसली नाहीत.

आता कुंडीचा भुगा होतोय.
रोजच्या केरात थोडे बाबा निघतात.
रखवालदार जेंचील काथ्याची नवी कुंडी घेऊन आला,
आम्ही वर्तमानपत्र पसरून बसलो, सुरी घेऊन,
आणि बसूनच राहिलो.
मुळं कुंडीत शिरलेली, कुंडी मुळांत.
सुरी घालायची कुठे?
बाबांनी नखानं रेघ मारून दाखवली असती.
मला रेघ सापडली नाही.
शेवटी तशीच उचलली, जुनी कुंडी
नव्या कुंडीच्या पोटात, कडा वर राहिलेली.

ऑगस्टमध्ये फार गारठा पडला.
चार पानं पिवळी झाली, ती कापली.
चष्मा लावून कापत होते म्हणून दिसलं :
त्या काळ्या कडेवर, बाहेरच्या अंगाला,
तांदळाच्या कणीएवढं, हिरवं, पातळ,
मधोमध खाच असलेलं काहीतरी.
एक नव्हे, पाच-सहा.

टांगलेल्याचं आहे की तोडलेल्याचं?
या वयात म्हणे ओळखू येत नाही,
सगळे नेचे सारखेच दिसतात.
खिडकी उघडी असते, धुकं डोंगराकडून येतं,
किंवा झुल्मिराच्या कापसातून
एखादं निसटलं असेल.

फवारा जरा लांबून मारते.
झुल्मिराला सांगून ठेवलंय,
ये, पण साबण घरी ठेवून ये.