स्रोत

पाण्याच्या टाकीच्या नवव्या पायरीवर रेंज येते.
दाखल्यांची रांग सरली, पंचायतीला कुलूप लागलं
की तिथे बसून मी गावं लिहिते.
नकाशा खुला आहे.
कोणीही लिहावं, कोणीही खोडावं.

आलापल्लीच्या पुढे, डांबर संपतं तिथे
एक ठिपका होता : कोकणी.
इथे कोकण कुठून आलं?
मी आरमोरीची. आमच्या झाडीत तर
ण कोणाच्या तोंडात बसत नाही,
आम्ही पानी पितो, कोन आला म्हणून विचारतो.
कोण्या तलाठ्यानं ऐकलं असेल घाईत,
कोण्या साहेबानं ते इंग्रजीत उतरवलं,
आणि यंत्रानं परत देवनागरीत आणलं,
जत्रेत चुकलेलं पोर
भलत्याच घरी पोचवावं तसं.

रैनी सडमेक म्हणाली, कोहकानार.
कोहका म्हणजे बिबा, नार म्हणजे गाव.
गवत कापत होती, विळा थांबवला नाही.
मग बिब्याचं झाड कुठं आहे?
"होतं. तुह्या आफिसाखाली."

मी रकाने भरले.
नाव. नाव मराठीत. नाव गोंडीत.
नाव तेलुगूत, कारण किराणावाले मल्लय्या
तिसरंच काही म्हणतात
आणि बिलही त्याच नावानं फाडतात.
गोंडीची तिची स्वतःची लिपी टाकून बघितली :
माझ्या फोनवर सहा चौकोन उमटले, रिकामे,
मंजूर होऊन न बांधलेल्या घरकुलांसारखे.
ते तसेच ठेवले. कोणाच्या तरी फोनवर
भिंती उभ्या राहतील.
खाली देवनागरीतही लिहिलं.

वर दिसणार मात्र एकच.
बाकीची आत. दाबलं तर उघडतात.
मी वर कोहकानार ठेवलं.

चौथ्या दिवशी कोणीतरी परत बदललं.
माणूस दूरचा, टोपणनावात नुसते आकडे.
कारण दिलं : सरकारी यादीत आढळत नाही.
नियमही दाखवला, सभ्यपणे :
जमिनीवर जे आहे तेच लिहावं.

गेले जमिनीवर.
फाट्यावर बांधकाम खात्याची पाटी.
गंजानं 'को' तेवढं शिल्लक ठेवलेलं,
पुढे छर्ऱ्यांची दोन भोकं,
आणि बाण वाकून आभाळाकडे.
फोटो काढला.
पुरावा पक्का होता,
कोणाच्या बाजूचा ते कळेना.

तिथून नाल्यानं खाली गेलो, रैनी पुढे.
वरच्या टोल्यात नाल्याचं नाव वेगळं,
पुलाखाली वेगळं,
बंगाली कॅम्पाच्या धानात आणखी तिसरं,
ते म्हणताना माणसं आपोआप हसतात,
तिथे मासा चांगला लागतो म्हणे.
नकाशावर एकच निळी रेघ.
मी तिचे तीन तुकडे केले.
पाण्याला काही कळलं नाही.

मोहांच्या मागे उभे दगड.
याला काय म्हणता?
रैनीनं विळा या हातातून त्या हातात घेतला.
नाव नाही का?
"आहे."
मग?
"तुले कायले पायजे?"
मी फोन पिशवीत टाकला.
परतताना बराच वेळ
कोणीच काही विचारलं नाही.

रात्री पुन्हा नववी पायरी.
वर राहू दे कोकणी, यादीतलं.
जुनं नाव, स्थानिक नाव, गोंडी नाव,
सगळ्या रकान्यांत कोहकानार, कोहकानार.
दगडांच्या जागी काही नाही. तिथे जंगल आहे,
हिरवं, तेवढंच.
स्रोत म्हणून मी नेहमी लिहायची : स्थानिक माहिती.
आज लिहिलं :
रैनी सडमेक, तोंडी, गवत कापताना.
त्या आकड्यांच्या माणसाला टीप :
झाडाची जागा दाखवता येईल,
फरशी उचलावी लागेल.

जतन करा, दाबलं.
चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं,
आणि खालून कोणीतरी ओरडलं,
मोटर बंद करा हो,
टाकी सांडून राह्यली.