अक्षरमर्यादा

रकाना सात : तुमच्या कामाची गरज थोडक्यात लिहा.
पंधराशे अक्षरं, मोकळ्या जागांसकट.

मोकळ्या जागांसकट!
इथे नुआकशोटमध्ये मोकळी जागा फुकट.
अल-मीनाच्या शेवटच्या घरापुढे सुरू होते
ती थेट वाळवंटभर.
तिथे तीही मोजून घेतात.

लेमराबोत पहिला चहा ओततो, कडू.
मी लिहिते : या शहरात पाणी नळानं कमी, गाढवानं जास्त येतं.
दोन पिंपं, एक गाडा,
गळ्याभोवती पट्टा म्हणून तार.
तारेखाली कातडं, कातड्याखाली
जे दिसू नये ते.
खोडते. सूचना तीन : भावनिक भाषा टाळावी.
मग लिहिते : व्रण, दुय्यम संसर्ग, अडतीस टक्के.
अडतीस आले लेमराबोतच्या वहीतून.
जखमी जनावरासाठी तो उभी रेघ काढतो
आणि मेलेल्यासाठी काहीच काढत नाही.

रकाना नऊ : लाभार्थी किती?
गाढवं मोजू, की त्यांच्यावर जगणारी पोरं,
की ज्यांच्या रांजणात ते पाणी पडतं त्या बायका?
देम्बाला विचारलं.
म्हणाला, मला नका धरू त्यात,
मी झर्गासाठी यायचो.

अडल्यावर गाढवाचेही पाय धरावे लागतात म्हणे.
मी अकरा वर्षं धरतेय.
पण इथे अडलेलं असायचं ते गाढवच,
खुरात खिळा, तीन पायांवर उभं,
आणि माझी गरज आहे हे
मला लाथेनं कळवणारं.
आता अडलेय मी.
औषधाचं कपाट उघडलं की
मागची भिंत दिसते.
आणि ज्यांचे धरायचे
त्यांचे पाय या पडद्यावर येत नाहीत,
नुसता एक निळा चौकोन : पुढे जा.

रकाना अकरा : एक यशोगाथा.
आधीचा आणि नंतरचा फोटो जोडावा.
झर्गाचा आधीचा आहे.
तारेखाली घालायला देम्बानं
स्वतःच्या गादीतला फोम कापून आणला होता,
वीतभर रुंद, हातभर लांब.
त्या गादीवर तिघे भाऊ झोपत.
भोकाच्या जागी आता कोण झोपतं
मी विचारलं नाही.
जखम भरली. गुलाबी, मग राखाडी, मग चक्क केस.
पुढच्या महिन्यात पोट फुगलं :
उकिरड्यातलं प्लास्टिक, सुतळीसकट.
नंतरचा फोटो राहून गेला.

जखम भरली आणि जनावर उरलं नाही
तर त्याला काय म्हणायचं?
मार्गदर्शिकेची चव्वेचाळीस पानं चाळली.

दुसरा चहा.
पंधराशे एकवीस.
'अत्यंत' काढला, 'कृपया' काढला.
अजून पाच जास्त.
लेमराबोत खांद्यावरून वाकून बोट ठेवतो : झर्गा.
त्यांच्या लिपीत बरोब्बर पाच.
काढते.
'एक गाढवीण' उरते, कुणाचीही.
परत घालते.
मग चौथ्यांदा आलेला 'शाश्वत' शोधून उडवते.
तीन वेळा पुरे.

तिथली मध्यरात्र इथे अकराला होते.
पावणेअकराला वीज जाते.
लेमराबोत फोन धरून गच्चीवर उभा,
हात उंच, जणू सलाईनची बाटली धरलीय,
आणि खाली माझ्या मांडीवर
थेंब थेंब अर्ज जातो.
गेला.
लगेच उत्तर : आपला अर्ज पोचला.
कृपया या पत्राला उत्तर देऊ नये.
त्यांना 'कृपया' परवडतं.

पहाटे फाटकाशी देम्बा,
सोबत नवं गाढव, कानापर्यंत धुळीचं,
उधारीवर घेतलेलं.
नाव काय, मी विचारते.
अजून ठेवलं नाही.
आधी तुम्ही बघा, टिकतंय का.

लेमराबोत वही उघडतो.
मी मलहफा खोचते, वाकते,
डावा पुढचा पाय उचलायला.
ते कान मागे पाडतं.