धक्का

समुद्राकाठी म्हणे धक्का म्हणजे
जिथं बोट लागते, दोर बांधतात, माणसं उतरतात.
आमच्याकडं, गंगेच्या थडीला,
धक्का म्हणजे वाळूचा ढीग,
ढिगाच्या सावलीत पावत्या फाडणारं पोरगं,
आणि रस्त्यापर्यंत हायवांची रांग.

मी चार उन्हाळे तराफ्यावर होतो.
बुडी मारायची, टोपलं भरायचं, वर यायचं.
कानात पाणी, पाण्यात पंपाची घरघर.
पहिल्या साली उभं राहिलं की पाणी कमरेला,
दुसऱ्या साली गळ्याला,
तिसऱ्या साली पाय टेकायचं सोडूनच दिलं.
मंचकमामा म्हणायचा, लेका,
नदीतला खड्डा जागेवर बसत नसतो, चालत असतो.
आम्ही हसायचो.
खड्ड्याला कुठं पाय असतात.

ती वाळू लांब नाही गेली.
पलीकडंच, गंगाखेडच्या अंगाला, नव्या भिंतीत.
भिंत देखणी झाली. पायऱ्या, कठडा, दिवे.
उद्घाटनाचा पेढा मीही खाल्ला.
मग भादव्यातलं पाणी तिच्यावर येऊन आदळलं.
भिंतीनं काही ऐकून घेतलं नाही.
तेव्हा ते वळलं
आणि आमच्या भोईथडीकडं आलं,
साहेबाच्या दारातून परत फिरलेला माणूस
घरी येऊन ताट आपटतो, तसं.

दरड एकदम पडत नाही.
आधी खालून पोखरते. वर हराळी हिरवीच असते,
शेळी चरत असते.
मग रात्री आवाज येतो,
पोतं टाकल्यासारखा,
आणि सकाळी चुलत्याच्या बांधावरची बाभूळ
शेंडा खाली घालून पाण्यात.
तलाठी टेप घेऊन आला.
खुंटी कुठं ठोकू म्हणाला.
आम्ही दाखवलं तिथं भोवरा फिरत होता.
त्यानं लिहिलं : जमीन आढळून आली नाही.

सरूमावशीची विहीर मात्र राहिली.
भोवतीची माती गेली, विहीर गेली नाही.
आता नदीत उभी आहे बुरुजासारखी,
दोन पुरुष उंच,
वर रहाट तसाच,
त्याच्यावर एक खंड्या.

विहीर बाहेरून कोण बघतं?
चाळीस वर्षं मावशीनं तिच्यात वाकून पाहिलं,
तिच्या पायऱ्या मोजल्या, तिच्यातली कासवं ओळखली.
परवा मी तिला होडीत बसवून
विहिरीच्या पाठीमागं नेलं.
ओबडधोबड दगड, मध्ये थापलेला चुना,
आणि एका जागी, कुणी कधी बघणार नाही म्हणून
बिनधास्त उमटवलेला पंजा.
साडेचार बोटं.
चाँदपाशा मिस्त्री, मावशी म्हणाली.
करंगळी त्याची अडकित्त्यात गेली होती,
सासऱ्याच्या लग्नात.
सासऱ्याच्या नव्हे गं, दिराच्या,
असं स्वतःलाच म्हणाली,
आणि होडीतून वाकून
आपला हात त्या हातावर ठेवला.

होडी वाहू लागली.
धर की नीट, मावशी ओरडली.
मी बांबू खाली सोडला,
कोपरापर्यंत हात पाण्यात गेला,
बांबू अख्खा गेला.
कशाला धरू,
हे मी तिला बोललो नाही.