प्रमाणासाठी माणूस

वही तिसरी. पानं भिजून वाळलेली.
शाई जिथे फुटली आहे तिथे डॅन्यूबचं पाणी आहे,
एवढं तरी छातीठोक सांगता येतं.

चौदा मे. वारा ईशान्येचा.
नदीच्या मुखाशी नवा वाळूचा दांडा,
लांबी चारशे दहा पावलं.
पावलं आर्तिओमची. टेप होडीत राहिला होता.

तो म्हणाला, बापाच्या वेळी इथे समुद्र होता.
आता गायी चरतात,
आणि जुनं दीपगृह त्यांच्याकडे बघत उभं,
निवृत्त पोस्टमास्तरासारखं.
नदी दरसाल थोडी जमीन आणून टाकते, न मागता.
माती हंगेरीतल्या कुणाची, सर्बियातल्या कुणाची.
मी विचारलं, मग सातबारा कुणाच्या नावावर?
माझ्या तोकड्या रशियनमध्ये सातबारा समजावता समजावता
चहा निवला.
तो हसला. म्हणाला, आमच्याकडे हिशेब लव्हाळं ठेवतं.

आम्हाला शिकवलेलं असतं:
कातळाशेजारी हातोडी ठेवावी, भेगेत पेन्सिल,
काहीच नसलं तर माणूस उभा करावा,
त्याची उंची टिपून घ्यावी.
आर्तिओम, एक मीटर एकाहत्तर.
टोपी काढायला तयार नाही,
म्हणून टोपीसकट एक पंच्याहत्तर.

मी हात करीन तिकडे तो जायचा,
लव्हाळ्यात, गुडघाभर गाळात,
आणि ताठ उभा राहायचा, हात मांड्यांना चिकटवून,
समोर कुणी साहेब असल्यासारखा.
एकदा लांबून ओरडला, हसू का?
वाऱ्यावर मीही ओरडलो,
गरज नाही.

(सतरा मे. पाऊस. काम बंद.
वासिलिसाबाईंकडे माशाचं कालवण, वर लसणीचं पाणी.
कुंपण निळं. का, ते विचारायचं राहिलं.)

निबंध छापून आला. आकृती चारमध्ये
संपादकांनी आर्तिओमला कापला
आणि त्याच्या जागी एक काळी पट्टी टाकली,
शून्य ते पन्नास मीटर.
पट्टी अधिक अचूक असते. मी हरकत घेतली नाही.

नोव्हेंबरात त्याच्या नातीचं पत्र आलं.
आजोबा गेले, बर्फ पडायच्या आधी.
आजी विचारते, चेहरा दिसेल असा फोटो आहे का?
दवाखान्याच्या कार्डावर एक आहे,
पण त्यात ते रागावलेत.

दोनशे बारा फोटो. रात्रभर बसलो.
वाळूचा कण न् कण नीट आलाय,
ढगांच्या कडाही. आणि तो
सगळीकडे दोन मिलिमीटर उंच.
मोठा करावा तर विरघळतो,
सहा करडे चौकोन होतात,
सातवा गडद, तो टोपीचा.
प्रमाण म्हणून उभा केलेला माणूस,
आणि तो होता याला माझ्याकडे प्रमाण नाही.

शेवटी पाठवला तेहतीस नंबरचा.
त्यात तो नाहीच, चौकटीबाहेर निघून गेलाय.
नुसता दांडा, आणि ओल्या वाळूत
परतीच्या पावलांची एक ओळ.

उत्तर आलं वसंतात.
आजीनं लगेच ओळखलं, नात लिहिते,
डावा पाय बाहेर फेकायचे ना, तो.
बर्फात पडले होते लहानपणी,
तेव्हापासून डावं पाऊल आखूड पडायचं.
फोटो चुलीच्या वरच्या भिंतीवर लावलाय,
धुरानं काळा होईल, म्हणून काच बसवून घेतली.

पत्र दोनदा वाचलं. मग वही काढली.
चारशे दहा पावलं,
त्यातली दोनशे पाच आखूड.
मी सगळी सारखी धरली होती.
म्हणजे दांडा छापलाय त्याहून
पंधरा-वीस मीटर तरी लहान असणार.

दुरुस्तीची चिठ्ठी लिहून ठेवली आहे.
अजून पाठवलेली नाही.